सूर्याचे वार्धक्य आणि आपला आधार

शास्त्रपाठ : यशया ४६:३-४, स्तोत्र १०२:२५-२७, २ करिंथ ४:१६-१८



तमिळनाडूत कुंभकोणम शहराजवळ इन्नंबूर नावाचे एक लहान गाव आहे. तेथे एक प्राचीन शिवमंदिर आहे. गावाच्या नावाची फोड तेथील लोक अशी सांगतात : ‘इनन्’ म्हणजे सूर्य, ‘नंबु’ म्हणजे भरवसा ठेवणे, आणि ‘ऊर’ म्हणजे गाव. सूर्याने येथे येऊन आपल्याहून थोर अशा कोणावर तरी भरवसा ठेवला, म्हणून गावाला हे नाव पडले, अशी स्थानिक परंपरा आहे. याच ‘नंबु’ धातूपासून झालेला ‘नंबिक्कै’ हा शब्द आपले तमिळ ख्रिस्ती बांधव आशा आणि भरवसा या अर्थी वापरतात.

त्या मंदिराची श्रद्धा आपली नव्हे. परंतु त्या नावात दडलेला विचार आपल्याला परका वाटू नये. ज्याच्याकडे पाहून जग दिवस मोजते, ज्याच्या उष्णतेवर पिके पिकतात, तो सूर्यसुद्धा स्वयंपूर्ण नाही, त्यालाही कोणाचा तरी आधार लागतो, असा तो विचार आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सूर्याला नावसुद्धा दिलेले नाही. देवाने चौथ्या दिवशी निर्माण केलेली ती एक मोठी ज्योती आहे, एवढेच तेथे सांगितले आहे. ज्योती म्हटली की तेल आले, आणि तेल म्हटले की ते सरणेही आले.

आज आपण सूर्याच्या आणि त्याच्यासारख्या लहान ताऱ्यांच्या वार्धक्याचा विचार करणार आहोत. हा विषय केवळ ज्योतिर्विदांचा नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये पुढच्या बाकांवर बसणारे वृद्ध आज काय विचार करीत असतील? मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेली, गुडघे उपासनेला साथ देईनासे झाले, गायनवृंदातला आवाज फुटला, आणि ‘आता माझा उपयोग काय?’ हा प्रश्न रात्री उशाशी येऊन बसतो. त्या प्रश्नाला आकाशाकडे पाहून काही प्रकाश मिळतो का, ते आपण पाहू.

१. आकाशही जुने होते

प्राचीन ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने शिकवले की, बदल आणि क्षय ही केवळ पृथ्वीची लक्षणे आहेत, आकाशातील ज्योती अविकारी आहेत. पुढे शतकानुशतके विद्वानांनी हेच मानले. स्तोत्रकर्ता मात्र एकशेदोनाव्या स्तोत्रात पृथ्वी आणि आकाश या दोहोंची तुलना अंगावर वापरून विरत जाणाऱ्या कापडाशी करतो. ती जुनी होतील, बदलली जातील, परंतु देव तोच राहील, असा त्याचा विश्वास आहे. त्याच्यापाशी दुर्बीण नव्हती, तरी आकाश अमर नाही हे त्याला ठाऊक होते, कारण अमर कोण आहे हे त्याला ठाऊक होते.

आज विज्ञान आपल्याला सांगते की सूर्य हा कमी वस्तुमानाच्या ताऱ्यांपैकी एक आहे आणि त्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे आहे. वायूच्या या प्रचंड गोळ्यात दोन शक्तींची अखंड ओढाताण चालू असते. गुरुत्वाकर्षण सगळे द्रव्य केंद्राकडे खेचते, तर आतील उष्णतेने निर्माण झालेला दाब ते बाहेर रेटतो. या दोहोंचा तोल आहे म्हणून सूर्य टिकून आहे. त्याच्या गाभ्याचे तापमान सुमारे दीड कोटी अंश असते. तेथे दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर होते, आणि त्यातील सुमारे ४० लाख टन द्रव्य ऊर्जा होऊन बाहेर पडते. आपल्या अंगणात पडणारे कोवळे ऊन हे सूर्याने स्वतःला खर्चून दिलेले ऊन आहे.

वर्षांचे हे आकडे ऐकून काही विश्वासणारे अस्वस्थ होतात. बंधूंनो, भिण्याचे कारण नाही. ज्याच्या दृष्टीने हजार वर्षे कालच्या दिवसासारखी आहेत, त्याच्या कारागिरीला अब्जावधी वर्षे लागली म्हणून ती कारागिरी कमी ठरत नाही.

२. बाहेर तेज, आत राख

आता सूर्याच्या आत काय घडत आहे ते पाहू. हायड्रोजन जळून जे हेलियम तयार होते, ती जणू चुलीतली राख. ही राख गाभ्यातच साचत जाते. तिच्यामुळे दाबाचा तोल किंचित ढळतो, गाभा थोडा आकसतो, आकसल्याने अधिक तापतो, आणि अधिक तापल्याने उरलेला हायड्रोजन अधिक वेगाने जळू लागतो. परिणाम असा की, इंधन कमी होत असताना सूर्य मंद न होता अधिकाधिक तेजस्वी होत जातो. जन्मकाळी तो आजच्यापेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी मंद होता. पुढील १०० कोटी वर्षांत त्याचे तेज आणखी सुमारे दहा टक्क्यांनी वाढेल.

प्रियजनहो, येथे क्षणभर थांबा. वाढते तेज हे वाढत्या ठेव्याचे लक्षण नाही! सार्दीसच्या मंडळीला योहानाच्या द्वारे जो संदेश पाठविण्यात आला, त्याचा आशय हाच होता. जिवंत म्हणून तिचा लौकिक होता, परंतु आतून ती मेलेली होती. मंदिराची इमारत नवी झाली, सभा मोठ्या झाल्या, आपले नाव चार गावी पोहोचले, आणि याच काळात गुप्त प्रार्थना थांबली, क्षमा करण्याची शक्ती आटली, वचनाची भूक मेली, असे आपल्या बाबतीत घडले नाही ना? आतली राख बाहेरून दिसत नाही. उलट काही काळ तिच्यामुळेच तेज वाढल्यासारखे वाटते.

सुमारे ५०० कोटी वर्षांनी सूर्याच्या गाभ्यातील हायड्रोजन संपेल. त्या दिवशी सूर्याजवळ हायड्रोजन उरलेलाच नसेल असे मात्र नाही. त्याच्या एकूण हायड्रोजनपैकी साधारण दहावा हिस्साच तोवर जळलेला असेल. उरलेला सगळा बाहेरच्या थरांत तसाच पडून असेल. सूर्याचा वरचा थर भांड्यातल्या उकळत्या पाण्यासारखा खालीवर होतो, पण ही ढवळाढवळ गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. मधल्या थरातून केवळ प्रकाश पाझरतो, द्रव्याची देवघेव होत नाही. म्हणून घरात धान्याची कणगी भरलेली असावी आणि चूल मात्र विझावी, तशी त्याची गत होते.

मग गाभा आकसतो, त्याच्याभोवतीच्या पातळ कवचातला हायड्रोजन पेटतो, आणि तारा फुगून तांबडा राक्षसी तारा होतो. असे तारे आपण नेहमी पाहतो. उन्हाळ्याच्या रात्री डोक्यावर येणारा नारिंगी स्वाती हा सूर्याहून किंचितच जड, पण वयाने वडील तारा आहे. त्याची त्रिज्या सूर्याच्या सुमारे पंचवीसपट झाली आहे. रोहिणी तर चाळीसपटीहूनही मोठी आहे. फुगलेल्या ताऱ्याचा पृष्ठभाग थंड होतो, म्हणून त्याला तांबूस छटा येते. याच अवस्थेत वरच्या थरातली ढवळाढवळ प्रथमच खोलवर पोहोचते आणि विहिरीचा गाळ उपसावा तसे आत तयार झालेले द्रव्य पृष्ठभागावर येते. तारुण्यात आत जे घडले, ते म्हातारपणी चेहऱ्यावर उमटते. झाकलेले उघडकीस आल्यावाचून राहणार नाही, असे प्रभूने लूकच्या बाराव्या अध्यायात बजावले आहे. आयुष्यभर मनात साठवलेली कटुता वार्धक्यात जिभेवर येते, आणि आयुष्यभर साठवलेली कृपाही येते.

ताऱ्याचे अंतरंग डोळ्यांना दिसत नाही, मग शास्त्रज्ञांना हे कसे कळले, असा प्रश्न कोणी विचारील. आपल्या देशात कोडाईकनालची वेधशाळा १८९९ मध्ये स्थापन झाली आणि ती सूर्याचे वेध घेत आली आहे. ‘आदित्य-एल१’ हे भारतीय यान २०२३ च्या सप्टेंबरात निघून २०२४ च्या जानेवारीत आपल्या ठिकाणी पोहोचले. हे वेध मुख्यतः सूर्याच्या पृष्ठभागाचे आणि त्याच्या वातावरणाचे. आतली वार्ता मात्र मिळते ती कंपांवरून. तारे घंटेसारखे सूक्ष्मपणे थरथरत असतात, आणि त्या थरथरीवरून त्यांचे अंतरंग ओळखता येते. २०११ मध्ये ‘केप्लर’ या अंतराळ दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून असे दिसून आले की, बाहेरून अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन राक्षसी ताऱ्यांपैकी एकाचा गाभा निपचित असू शकतो आणि दुसऱ्याच्या गाभ्यात हेलियमचा नवा अग्नी पेटलेला असू शकतो. हा भेद केवळ कंपांनी उघड केला. मनुष्य बाहेरचे पाहतो, परमेश्वर हृदय पाहतो, हे शमुवेलाला इशायाच्या घरी शिकावे लागले. आणि आपले हृदय आपल्याला स्वतःला कधी कळते? संकटाने जीवन हादरते तेव्हा.

३. लहान, पण ढवळलेले

आकाशात सूर्याहून पुष्कळ लहान असे असंख्य तारे आहेत. त्यांना तांबडे बटू म्हणतात. दक्षिणेच्या आकाशात दिसणाऱ्या मित्र ताऱ्याचा एक सोबती, प्रॉक्सिमा, हा सूर्यानंतर आपल्याला सर्वांत जवळचा तारा. तो सव्वाचार प्रकाशवर्षांहून किंचित कमी अंतरावर आहे, परंतु इतका क्षीण आहे की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. १९१५ पर्यंत तो कोणाला माहीतही नव्हता. त्याचे वस्तुमान सूर्याच्या आठव्या हिश्श्याइतके.

तरीही आयुष्याच्या बाबतीत हा बटू सूर्याला मागे टाकतो. सूर्याचे हायड्रोजनवर चालणारे आयुष्य सुमारे १,००० कोटी वर्षे, तर अशा बटूचे लक्षावधी कोटी वर्षांचे. याची कारणे दोन. पहिले म्हणजे, तो काटकसरीने जळतो. दुसरे आपल्यासाठी अधिक महत्त्वाचे आहे. तो पृष्ठभागापासून गाभ्यापर्यंत सतत ढवळला जातो. वरचे आत जाते, आतले वर येते. त्यामुळे राख एका जागी साचत नाही आणि बाहेरचा जवळजवळ सगळा हायड्रोजन गाभ्याच्या अग्नीपर्यंत पोहोचतो. म्हणजे ताऱ्याच्या आयुष्याचे मान त्याच्याजवळ किती आहे एवढ्यावरच ठरत नाही. जे आहे ते गाभ्यापर्यंत पोहोचते की नाही, यावरही ते ठरते.

आपल्याजवळ काय कमी आहे? घरोघरी पवित्र शास्त्र आहे, कपाटात गीतपुस्तक आहे, रविवारचे प्रवचन आहे, मोबाईलवर दिवसभर वचने येत आहेत. बाहेरच्या थरात हायड्रोजन भरपूर आहे! प्रश्न एवढाच की, त्यातले किती हृदयाच्या गाभ्यापर्यंत उतरते? मरीयेने ऐकलेल्या गोष्टी अंतःकरणात साठवल्या आणि त्यांचे मनन केले, असे लूक सांगतो. मनन म्हणजे हेच ढवळणे. जे ऐकले ते आत नेणे, आणि आत जे साचले ते पश्चात्तापाने देवापुढे वर आणणे. खेड्यातल्या लहानशा मंडळीतील निरक्षर आजीबाई, जिचे नाव कोणत्याही अहवालात नाही, पण जी ऐकलेले प्रत्येक वचन प्रार्थनेत उतरवते, ती अशा न दिसणाऱ्या बटूसारखी दीर्घकाळ जळत राहते.

येथे दृष्टांताची मर्यादाही ध्यानात घ्यावी. ताऱ्याला निवड नसते. सूर्य आपल्या इच्छेने आपला गाभा ढवळू शकत नाही. आपल्याला मात्र ‘आज’ दिलेला आहे. ज्याला आपल्या आत राख साचल्याची जाणीव झाली, त्याने निराश होऊ नये. शुद्ध हृदय आणि नवा आत्मा मागणाऱ्या दाविदाची प्रार्थना कोणत्याही वयात करता येते.

४. विस्तव विझल्यावर कोण धरतो?

सूर्याच्या कथेचा शेवट अजून राहिला. राक्षसी अवस्थेत त्याच्या गाभ्याचे तापमान वाढत वाढत सुमारे १० कोटी अंशांवर जाईल, तेव्हा हेलियम एकाएकी पेट घेईल आणि त्यातून कार्बन व ऑक्सिजन बनू लागतील. ताऱ्याच्या आयुष्यातील हा सर्वांत मोठा स्फोट, पण बाहेरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. उलट त्यानंतर तारा लहान होतो, मंद होतो आणि काही काळ शांतपणे जळतो. मग पुन्हा फुगणे, आणि शेवटी बाहेरचे थर हलकेच अवकाशात सोडून देणे. अभिजित ताऱ्याजवळ दुर्बिणीतून दिसणारी कंकणाकृती तेजोमेघाची आकृती हे अशाच एका ताऱ्याचे शेवटचे दान आहे. सूर्याहून काहीशा जड ताऱ्यांनी म्हातारपणी अशा रीतीने उधळलेल्या द्रव्यातून पुढच्या पिढीच्या ग्रहताऱ्यांना कार्बन मिळतो. आपल्या शरीरातील कार्बनचा बराच भाग अशाच कोणा वृद्ध ताऱ्याची देणगी आहे. वृद्धांनो, तुमचा उपयोग संपला असे कोण म्हणतो? ताऱ्याचे सर्वांत मोठे दान त्याच्या वार्धक्यात होते.

मागे उरतो तो उघडा गाभा. त्याला श्वेत बटू म्हणतात. व्याध ताऱ्याचा जो सोबती १८६२ मध्ये प्रथम दिसला, तो असाच आहे. वस्तुमान सूर्याएवढे, आकार मात्र पृथ्वीएवढा. आता त्याच्या आत अग्नी नाही. अग्नी नाही तर दाब नाही, आणि दाब नाही तर गुरुत्वाकर्षणाने तो चिरडून जायला हवा. तो का चिरडला जात नाही? १९२६ मध्ये फाउलर या इंग्रज शास्त्रज्ञाने याचे उत्तर दिले. द्रव्य इतके दाटले की त्यातील इलेक्ट्रॉन एकमेकांच्या जागी शिरण्यास नकार देतात, आणि त्यातून असा दाब निर्माण होतो की जो उष्णतेवर मुळीच अवलंबून नसतो. तारा थंड पडला तरी हा आधार जात नाही. निर्मात्याने द्रव्याच्या घडणीतच तो घालून ठेवला आहे.

आयुष्यभर ताऱ्याला स्वतःच्या जळण्याने तोलून धरले. जळणे संपल्यावर त्याला जे धरते, ते त्याने कमावलेले नसते. बंधुभगिनींनो, हेच तर यशयाच्या शेहेचाळिसाव्या अध्यायातील अभिवचन आहे! बाबेलच्या मूर्ती जनावरांच्या पाठीवर लादून न्याव्या लागतात, त्या स्वतःच ओझे होतात. परंतु इस्राएलचा देव सांगतो की, गर्भापासून ज्यांना त्याने वाहिले, त्यांना तो केस पिकेपर्यंत वाहील, उचलील आणि सोडवील. हात थकले, आठवण पुसट झाली, प्रार्थनेला शब्द सुचेनात, तरी आपल्याला धरणारा आपल्या उत्साहाच्या उष्णतेवर अवलंबून नाही.

एक फरक मात्र सांगितला पाहिजे. ३१ जुलै १९३० रोजी सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर हा एकोणीस वर्षांचा मद्रासचा तरुण मुंबई बंदरातून इंग्लंडला निघाला. प्रवासात केलेल्या गणिताने त्याला दिसले की श्वेत बटूच्या या आधारालाही मर्यादा आहे. सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानापलीकडे तो आधार तुटतो. पुढे १९८३ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. निर्मितीतला प्रत्येक आधार असाच आहे. त्याला ओझ्याची सीमा असते. निर्मात्याच्या बाहूंना ती नाही. म्हणूनच प्रभू येशूने हलक्या ओझ्याच्या माणसांना वेगळे काढले नाही. कष्टी आणि भाराक्रांत असलेल्या सर्वांनाच त्याने जवळ बोलावले.

इन्नंबूर ज्या मुलुखात आहे, तो तंजावरचा मुलूख आपल्या मराठी माणसांना परका नाही. सतराव्या शतकापासून १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांचे राज्य होते, आणि आजही तेथे मराठी बोलणारी घराणी आहेत. त्याच तंजावरात ख्रिस्ती मिशनरी क्रिस्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांनी सेवा केली. १७५० मध्ये ते भारतात आले. तुळजाजी राजांनी १७८७ मध्ये आपला दत्तक पुत्र सरफोजी यांना त्यांच्या हाती सोपविले. श्वार्ट्झ यांनी त्या मुलाला पित्याप्रमाणे जपले आणि शिकवले. अठ्ठेचाळीस वर्षांच्या अखंड सेवेनंतर, १३ फेब्रुवारी १७९८ रोजी, त्यांनी तंजावरात देह ठेवला. सरफोजी राजे ख्रिस्ती झाले नाहीत, परंतु आपल्या गुरूसाठी त्यांनी इंग्लंडमधील शिल्पकार फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले. ते तंजावरच्या ख्रिस्ती मंदिरात आहे. त्या शिल्पात म्हातारे श्वार्ट्झ मृत्युशय्येवर आहेत आणि तरुण राजाने त्यांचा हात धरला आहे. ज्याने बालपणी हात धरला, त्याचा हात शेवटी धरला जात आहे. त्या राजाच्या हातामागे, विश्वासाच्या दृष्टीला, आणखी एक हात दिसतो.

ताऱ्याताऱ्याच्या तेजात फरक असतो, असे प्रेषित पौल पुनरुत्थानाविषयी लिहिताना म्हणतो. श्वेत बटू अब्जावधी वर्षे निवत जाऊन शेवटी काळोखात विरेल, त्याला पुन्हा उजाडणे नाही. ख्रिस्ताच्या लोकांची कथा तेथे संपत नाही. आपला बाह्य देह क्षीण होत असला तरी अंतरीचा मनुष्य दिवसेंदिवस नवा होत आहे, ही पौलाची साक्ष आहे. ताऱ्यांचे अंतरंग वयाबरोबर रिकामे होते, विश्वासणाऱ्याचे अंतरंग वयाबरोबर भरत जाते. आणि ज्या नगरीकडे आपण चाललो आहोत, तिला प्रकाशासाठी सूर्याची गरज उरणार नाही, कारण कोकरा हाच तिचा दीप आहे.

म्हणून या आठवड्यात दोन गोष्टी करा. रोज एक वचन घेऊन ते हृदयाच्या तळापर्यंत जाईतो त्याच्यापाशी थांबा. आणि आपल्या मंडळीतल्या एका वृद्ध व्यक्तीच्या घरी जाऊन तिचा हात हातात घ्या. देवाचा आधार अनेकदा मनुष्याच्या हातानेच पोहोचतो.

प्रार्थना : हे स्वर्गीय बापा, सूर्य आणि तारे तुझ्या हातचे काम आहेत, आणि तेही जुने होतात. तू मात्र तोच आहेस. आमच्या अंतःकरणात साचलेली राख दूर कर, तुझे वचन आमच्या गाभ्यापर्यंत पोहोचव. आमचे बळ सरेल तेव्हा आम्हांला सोडू नको. जे आज एकटे, आजारी आणि थकलेले आहेत, त्यांना तुझ्या बाहूंचा स्पर्श जाणवू दे. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.